तलाव आधी की गाव आधी? झाडीपट्टीतल्या आमच्या गावाचा इतिहास लिहायचाय

धानबांधी

नमस्कार मंडळी. आमचं गाव झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धान-जंगलाच्या पट्ट्यात, गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. सत्तर-ऐंशी उंबरे. कोहळी, गोंड, धीवर, बौद्ध आणि दोन-चार घरं इतरांची. वरच्या अंगाला जंगल, त्याखाली तलाव, पाळीखाली (पाळ म्हणजे तलावाचा बांध) धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि बांध्यांना लागून वस्ती. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल वापरायचा आणि राखायचा हक्क, मिळालाय, आता व्यवस्थापनाचा आराखडा लिहिणं चालू आहे. त्यातलं पहिलं प्रकरण गावाच्या इतिहासाचं, ते माझ्या वाट्याला आलंय.

म्हाताऱ्या माणसांजवळ बसलो की सगळे सुरुवात तलावापासूनच करतात. गोंड राजांच्या काळात जो जंगल साफ करून तलाव बांधेल, त्याला तलावाखालची जमीन, अशी रीत होती म्हणतात. म्हणजे आमच्याकडे तलाव आधी झाला आणि गाव त्याच्या मागून आलं. शेजारचा नवेगाव बांध बघा. सात बहिणींच्या डोंगरांमधलं ते पाणी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी अडवलं असं सांगतात. त्यामानाने आमचा तलाव छोटा, पण घडण तीच.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनमालकाची (मालगुजाराची) पद्धत, संपली. ती संपायलाच हवी होती. पण त्या दिवसापासून तलाव आणि जंगल दोन्ही सरकारजमा झाले आणि पुढे त्यांच्या वाटण्या होत गेल्या. लहान तलावांची पाळ जिल्हा परिषदेकडे, मोठे तलाव पाटबंधाऱ्याकडे, मासोळी सहकारी संस्थेच्या ठेक्यात, वरचं जंगल वनखात्याकडे, मधली झुडपी जमीन महसुलाकडे. तलावात पाणी येतं ते वरच्या जंगलातून आणि जातं खालच्या बांधीत. हे एकच काम होतं, त्याचे पाच मालक झाले. माझ्या मते गावाची खरी पडझड तिथून सुरू झाली, दुष्काळ आणि रोगराई नंतरच्या गोष्टी.

तुमच्या गावांत १९५१ च्या आधी आणि नंतर कोण काय सांभाळत होतं? आणि याचे जुने कागद कुठे मिळतात?

मोहफूल

वाचतेय. विषय जिव्हाळ्याचा आहे.

बोडीकाठ

मी साकोलीकडचा, कोहळी. आजोबांकडून ऐकलेलं लिहितो.

तलावाला एक पाणकर असायचा. कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी सोडायचं ते तो ठरवी, आणि त्याला मजुरी धानातच मिळे. होळीनंतर तलाव आटला की गाव गाळ काढायला उतरायचं. तो गाळ बैलबंडीने बांध्यांत जायचा, म्हणजे तलाव खोल होई आणि वावराला खत मिळे. पाळीवरची झाडं कोणी तोडत नसे, कारण मुळांनी पाळ धरून ठेवलेली असते. आणि वरच्या जंगलात तलावात येणाऱ्या ओढ्यांच्या काठाला कुऱ्हाड लावायची नाही, हा नियम लिहिलेला कुठेच नव्हता पण सगळ्यांना पाठ होता.

१९५१ नंतर पाणीपट्टी आली. ज्यांच्या आजा-पणजाने पाळ बांधली त्यांना त्याच पाण्याचे पैसे भरा म्हटल्यावर लोक भांडले, कोर्टात गेले. हळूहळू मन उडालं. गाळ काढायला कोण उतरेल? सरकारचा तलाव, सरकार काढेल.

निळी_पहाट

@बोडीकाठ, तुमचे आजोबा पाळीवर उभे राहून बघत असतील. माझे आजोबा पाळीखाली डोक्यावर माती वाहत होते.

"गाव उतरायचं" असं लिहिलंत. आमच्या घरात त्याला बेगार म्हणतात. मालगुजाराचा निरोप आला की आपलं काम टाकून जायचं, दिवसभर गाळ काढायचा आणि संध्याकाळी पायलीभर धानही मिळेल याची खात्री नाही. पाणी आधी मालगुजाराच्या बांधीत, मग त्याच्या सोयऱ्यांच्या, सगळ्यात शेवटी टोकाच्या बांधीत, आणि टोकाची बांधी कोणाची हे मी सांगायला नको. पाण्याला हात लावायचा घाटही वेगळा होता.

धानबांधी, तुम्ही इतिहास लिहिताय म्हणून कळकळीने सांगते. "तलाव अमुक पाटलाने बांधला" एवढंच लिहिलंत तर आमची चार घरं पुन्हा एकदा वगळली जातील. माती कोणी वाहिली तेही लिहा. १९५१ आमच्यासाठी पडझड नव्हती. माझ्या आजीच्या तोंडून त्या सालाबद्दल मी कधीच वाईट ऐकलं नाही.

सालई

निळी_पहाट यांना अनुमोदन. आणि गोंडांचं काय? त्या रीतीत "जंगल साफ करून" हे दोन शब्द फार सहज येतात. त्या जंगलात आमचे पेनठाणे (देवांच्या जागा) होते, मोहाची झाडं वाटून घेतलेली होती. तलाव झाला, धान आलं, आणि आम्ही जंगलाच्या कडेला सरकलो. मी तलावाच्या विरोधात नाही, त्याच तलावाचं पाणी पिऊन वाढलो. पण गावाचा इतिहास तलावापासून सुरू होत नाही, त्याच्याही आधीपासून आहे.

धानबांधी

निळी_पहाट, सालई, तुमचे दोन्ही प्रतिसाद ग्रामसभेत वाचून दाखवणार आहे. आमच्याकडेही बौद्ध आणि गोंड घरांतल्या आज्या अजून आहेत. त्यांच्याकडे वेगळं बसायचं ठरवलंय, पाटलांच्या ओसरीवर त्या मोकळं बोलणार नाहीत.

एक मुद्दा मात्र सोडवत नाही. मालगुजाराची सत्ता गेली हे न्यायाचंच झालं. पण ती गावाच्या हातात यायला हवी होती ना? आली कचेरीच्या हातात.

शिंगाडा

मी धीवर, मासोळी धरनारा. तलावाची गोष्ट निघाली अन् मासोळीवर कोनीच बोलत नाही म्हनून लिवतो.

आमच्या बापाच्या येळेस तलावात मरळ, शिंगी, मागूर, झिंगे अशी घरचीच मासोळी राहे. पावसाळ्यात उलट्या पान्यानं बांधीत चढे, तिथं अंडे घाले. मंग संस्था झाली, ठेका झाला, रोहू-कटला-मृगळचं बीज आलं. पैसा दिसला, खोटं कायले बोलू. पन तलावातली घरची मासोळी कमी झाली. बांधीत औषध माराले लागले तवापासून तं आनखीनच. अन् तलावभर बेशरम नावाची झुडपं माजली. जाळं टाकाले जागा राहिली नाही.

आता तुमच्याच तालुक्यात आमच्या समाजाच्या बायांनी बेशरम उपटली, तलावाच्या तळात नांगरटी केली अन् पान्यातल्या देशी वनस्पती लावल्या. त्याच्यात मासोळी लपते, अंडे घालते. घरची मासोळी वापस येऊन राहिली. हे काम कोनत्या खात्यानं नाही केलं, बायांनी केलं. हे बी इतिहासात टाका जी.

वर्धापार

शिंगाडा, प्रतिसाद फार आवडला. मरळीचा रस्सा आणि भात, बस्स!

मोहफूल

रस्सा खरा, पण भात कोणता ते बोला. आमच्याकडे अजून दोन बांध्यांत चिन्नोर असतो. शिजायला लागला की शेजारीण विचारायला येते कोण पाहुणा आलाय.

बोडीकाठ

चिन्नोर, लुचई, दुबराज. भारी, म्हणजे उशिरा पिकणारे धान सगळे. भारी धानाला दिवाळीच्या तोंडाशी एक पाणी लागतंच, आणि तेच पाणी तलाव देत असे. तलाव गाळाने भरले तसे लोक हलक्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या धानाकडे वळले. वाण का गेले याचं एक कारण तलावाच्या तळाशी आहे.

निळी_पहाट

धानाचं निघालंय तर दादाजी खोब्रागडे यांचं नाव यायलाच हवं. नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. दीड-दोन एकरांचा माणूस, शाळा अगदी थोडी. आपल्या बांधीत वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी १९८३ मध्ये बाजूला काढल्या, वर्षानुवर्षं निवडत नेल्या आणि त्यातून एचएमटी धान उभा राहिला. आज जो तांदूळ अर्ध्या देशात खातात तो आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका दलित शेतकऱ्याच्या बांधीतला आहे. २०१८ मध्ये ते गेले. झाडीपट्टीचा इतिहास म्हटला की मला आधी राजे आठवत नाहीत, दादाजी आठवतात.

पुण्यातला_झाडीकर

+१. माझं गाव लाखांदूर तालुक्यात, राहतो पुण्यात. माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी नोकरी, पगार काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, "गावाले तलाव आहे का?" दुसरा, "मंडई कवा असते?" दोन्हीची उत्तरं चांगली निघाली आणि लग्न झालं. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, तिला अजूनही जातो, रात्रभर नाटक बघतो आणि सकाळी पाळीवर जाऊन बसतो.

मोहफूल

हा हा! सासरे पारखी निघाले.

टिपागड

मी गडचिरोलीचा, धानोरा तालुका. आमच्याकडे तलावापेक्षा जंगलाची गोष्ट मोठी. मेंढा (लेखा) आमच्याच तालुक्यात, त्यामुळे जवळून बघितलेलं लिहितो.

"दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांना माहीत असते. त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत होती ते कमी लोकांना माहीत असतं. गावाचा अभ्यासगट होता, तिथे आधी विषय समजून घ्यायचा आणि निर्णय ग्रामसभेत घ्यायचा, तोही बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. एक जण नाही म्हणाला तर विषय थांबवायचा आणि पुन्हा बोलायचं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं त्यातूनच पुढे आली. २००६ चा वनहक्क कायदा झाला तेव्हा हे गाव तयार होतं. म्हणून २००९ मध्ये देशात सगळ्यात आधी सामूहिक हक्क मिळालेल्या गावांत मेंढा आणि आमच्याच जिल्ह्यातलं मर्दा आहे. मेंढ्याचं क्षेत्र सुमारे १,८०० हेक्टर.

पण हक्काचा कागद मिळाला म्हणजे बांबू विकता आला असं नाही. वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर अडलं. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं, तेव्हा गावाचा बांबू गावाच्या नावाने बाहेर पडला. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदानही केलं, म्हणजे शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे.

धानबांधी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पाच मालक झाले हे खरं, पण ते परत एक करायचा रस्ता वरून येणार नाही. आधी गावाला एकत्र बसून बोलायची सवय लागते, मग कायदा उपयोगी पडतो.

साग_बीट

थोडं वेगळं बोलतो. माझे वडील नाकेदार, म्हणजे वनरक्षक होते, आयुष्य जंगलात गेलं. इथे वनखातं म्हटलं की सगळे एका बाजूला होतात, म्हणून लिहावंसं वाटलं.

आलापल्लीचा सागवान आज उभा आहे तो राखला म्हणून आहे. अतिक्रमणाच्या लाटा आल्या त्या काळात एका नाकेदाराकडे हजारो एकरांचं बीट असायचं, हातात काठी आणि सोबतीला एक वनमजूर. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, ती आग पुढे किती जंगल खाते हे मी लहानपणी वडिलांच्या मागे धावत बघितलंय. तेंदूच्या झुडपांना नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. गावाच्या हातात दिलं की जंगल आपोआप वाचतं असं नसतं.

सालई

@साग_बीट, तुमच्या वडिलांसारखी माणसं मीही बघितली, मान आहे. पण दुसरी बाजूही बघितली. लाकडाच्या एका मोळीसाठी कोंबडी, घर शाकारायच्या बांबूसाठी चार दिवस फुकट काम. आणि आम्हाला एक फांदी तोडायची चोरी असताना कागदासाठी बांबूचे ट्रकच्या ट्रक निघायचे.

आगीचं म्हणाल तर पाचगाव बघा. चंद्रपूर जिल्हा, गोंडपिपरी तालुका. २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं. सत्तर पानांचा एक पुडा बांधायला किती झुडपं छाटली जातात आणि किती आग लागते, हा हिशोब त्यांनी मांडला. हातात येणारा पैसा सोडून बांबूच्या कामावर गाव उभं केलं. आग लावणारं गाव आणि आग थांबवणारं गाव यात फरक पडतो तो हक्काने.

साग_बीट

पाचगावचं काम उत्तमच आहे. अशी गावं वाढावीत हेच माझंही म्हणणं. फक्त खात्यातल्या खालच्या माणसाचं नावही इतिहासात असू द्या.

गाविलगड

मी मेळघाटातला, कोरकू. तुमच्या तलावाच्या गोष्टी वाचताना नवल वाटतं, कारण आमच्या कित्येक गावांना मालगुजार नव्हताच. आमची वनग्रामं. सागाच्या कूपकटाईला, रस्त्यांना मजूर जवळ हवेत म्हणून जंगलखात्यानेच वसवलेली. राहायला जागा, कसायला तुकडा, बदल्यात काम. सातबारा नाही, त्यामुळे पिढ्या गेल्या तरी कागदावर गाव पाहुणंच. १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि पुढे काही गावं उठलीही. आमच्या गावाचा इतिहास लिहायला बसलो तर पहिला कागद मजुरीच्या हजेरीचा निघेल.

पण हातावर हात धरून नाही बसलो. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर बघा. दोनशे हेक्टरही नाही एवढं जंगल, तेही उजाड माळ होतं. २०१२ मध्ये हक्क घेतला, चराई आणि कुऱ्हाड स्वतः थांबवली, सीताफळं राखली आणि थेट शहरात विकली. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

वैनगंगा_काठ

सगळं वाचलं, छान चाललंय. पण मला ब्रह्मपुरी-नागभीडकडचं आजचं सांगायचंय. आमच्या बाया मोह वेचायला जायच्या थांबल्यात. पहाटे अंधारात वाकून वेचणाऱ्या बाईला वाघ माणूस म्हणून ओळखत नाही. दर उन्हाळ्यात कोणत्या ना कोणत्या गावातून बातमी येते. हक्काचा कागद पेटीत आहे आणि जंगलात पाय ठेवायची भीती. आराखडा लिहिताना घोळक्याने जायच्या वेळा आणि गावाजवळची मोहाची झाडं आधी, एवढं तरी लिहा. इतिहासाबरोबर हेही लागेल.

मोहफूल

हे अगदी खरं. आमच्याकडे यंदा टोळी (मोहाची फळं) वेचायलाही कोणी एकटं गेलं नाही.

सारसमित्र

एक अवांतर. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया आणि आसपासच उरलाय, आणि घरटं करतो तो धानाच्या बांधीत. ज्याच्या बांधीत घरटं असेल तो शेतकरी तेवढा तुकडा कापायचा ठेवतो. तलाव, बांधी, पक्षी सगळं एकात एक आहे. जमलं तर आराखड्यात घ्या.

पेशकार

महसुलात नोकरी केली, आता निवृत्त आहे. धागा सुरुवातीपासून वाचतोय. मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे कागदांना, कोणी हात घातला नाही म्हणून सविस्तर लिहितो.

आपला भाग मध्य प्रांतात होता, त्यामुळे उरलेल्या महाराष्ट्रात नसलेले कागद आपल्याकडे आहेत. सगळ्यात महत्त्वाचं निस्तार पत्रक. गावाने सरपण, इमारती लाकूड, चारा कुठून घ्यायचा, गुरं कुठे चरायची, हे त्यात गावनिहाय नोंदलेलं असतं. दुसरा कागद वाजिब-उल-अर्ज. सिंचनाचा हक्क, वहिवाटीचा रस्ता, मासेमारीचा हक्क अशा गावच्या रूढी त्यात असतात. म्हणजे शिंगाडा यांचा आणि बोडीकाठ यांचा, दोघांचाही विषय एकाच कागदात सापडू शकतो. हे जुने कागद म्हणून सोडून देऊ नका. १९६६ च्या जमीन महसूल संहितेत निस्तार पत्रक कलम १६१ मध्ये आणि वाजिब-उल-अर्ज कलम १६५ मध्ये आजही आहे.

तिसरा, मालगुजारी गेल्यावर १९५४-५५ च्या सुमाराला झालेले अधिकार अभिलेख. कोणती जमीन कोणाच्या नावे लागली आणि गावाची कोणती जमीन सरकारी झाली, ते तिथे दिसतं. तहसीलच्या आणि भूमी अभिलेखच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल मागा. त्याआधीच्या काळासाठी जमीन बंदोबस्ताचे (सारा ठरवण्यासाठीच्या मोजणीचे) अहवाल आणि १९०८ चं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर बघा, रसेल यांनी संपादित केलेलं. गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता, त्यामुळे गोंदियात मिळालं नाही तर भंडाऱ्याला जावं लागेल.

निळी_पहाट यांच्या मुद्द्यावर एक सांगतो. या कागदांत माती वाहणाऱ्यांची नावं सापडणार नाहीत, हक्कदारांचीच सापडतील. ती बाजू तोंडीच गोळा करावी लागेल. आणि तोंडी जबाबाला किंमत नाही असं कोणी म्हटलं तर त्यांना वनहक्काचा नियम १३ दाखवा. दावेदार सोडून गावातल्या इतर ज्येष्ठांचा लेखी घेतलेला जबाब हा त्यात पुरावा म्हणून धरलाय. तोच कायदा तुमच्या आराखड्याच्या मुळाशी आहे.

निळी_पहाट

पेशकार, मनापासून आभार. नियम १३ चं माहीत नव्हतं. धानबांधी, आज्यांचे जबाब घेताना तारीख, गाव आणि अंगठा घ्या, आणि बाईकडूनच लिहून घ्या.

धानबांधी

पेशकार, तुमचा प्रतिसाद छापून ग्रामसभेच्या फलकावर लावतोय. ठरलं ते असं. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांच्या नकलांचा अर्ज सोमवारी ग्रामसभेच्या ठरावासोबत देतो. आज्यांचे जबाब बचतगटातल्या दोन मुली घेतील. आणि पहिल्या प्रकरणाचं शीर्षक "तलाव" असं होतं, ते बदलून "जंगल, तलाव, माणसं" केलंय. सालई, तुमच्याकडच्या पेनठाण्यांची नोंद आराखड्यात कशी घेतली ते कळवाल का?

सालई

नकाशावर घेतली, पण नेमकी जागा छापली नाही, गावातल्या जाणत्यांनी तसं सांगितलं होतं. "या भागात तोड नाही, रस्ता नाही" एवढंच लिहिलं. व्यनि करतो.

शिंगाडा

वाजिब-उल-अर्जात मासोळीचं काही निंगालं तं इथं टाकजा जी. आमच्या गावाले बी अर्ज कराचा आहे.

पेशकार

@शिंगाडा, अर्ज करताना गावाचं जुनं नाव आणि बंदोबस्त क्रमांकही लिहा. रिठी (ओसाड) गावं जोडली गेली असतील तर कागद दुसऱ्याच नावाच्या बस्त्यात असतो.